नागपूरचा चंद्र, बॉइनचा काठ

विहीणबाई बाकावरून माझ्या अंगावर कलंडल्या तेव्हा मला वाटलं, डुलकी लागली. मी खांदा हलवला. त्यांचं डोकं तसंच लोंबत राहिलं. हात धरला तर गार, आणि ब्लाउज घामानं भिजून अंगाला चिकटलेला. वारा असा सुटला होता की मी स्वेटरवर शाल घेऊन बसले होते, आणि या बाईला घाम.

“विहीणबाई!”

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “घंटा झाली का?”

“कसली घंटा?”

“पोरं आत घ्या.” एवढं बोलून त्यांचे डोळे वर गेले.

पुढे नदी, मागे कुरण. कुरणात गाई, आणि गाईंना कशाचंच काही नव्हतं. माझी मुलगी स्मिता गाडी आणायला परत किल्ल्याकडे गेली होती. फोन तिच्याच पर्समध्ये. मला इंग्रजी येत नाही. वाटेवर एकच माणूस होता, टोपीवाला, कुत्रं घेऊन चाललेला, आणि तो आमच्यापासून लांब चालला होता. नुकताच तो आमच्या पुढ्यात थांबला होता. विहीणबाईंकडे बघत त्यानं मला काहीतरी विचारलं होतं, आणि मी त्याला सांगितलं होतं, “ग्रँड.”

तो शब्द मला स्मितानं शिकवला होता, म्हणजे सगळं ठीक. त्या देशात कुणीही काहीही विचारलं तरी हे उत्तर चालतं. त्यामुळे तो मान हलवून पुढे गेला.

हे कसं झालं ते आता सांगते. वाईला परत आल्यावर आमच्या आळीतल्या बायका विचारतात, “आयर्लंडात काय काय पाहिलंत?” किल्ले पाहिले, नदी पाहिली. पण खरं सांगायचं तर मला मुख्यतः तो बाकच आठवतो.

ओंगार

मी चौथीपर्यंत शिकले. सासरी पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर ती मीच चालवली आणि त्यावर मुलीला इंजिनियर केलं. तिनं नागपूरच्या मुलाशी लग्न केलं. दोघं डब्लिनला नोकरीला गेली. शहराच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वस्ती आहे, तिथे त्यांचं घर. सगळी घरं एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात मी फिरून आले आणि दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावून खटपट करत बसले. आतून एक पोलिश बाई आली. ती ओरडली नाही. तिनं मला हाताला धरून तीन दारं पलीकडे नेऊन सोडलं. तिचंही पहिल्यांदा असंच झालं असावं.

दोन हजार सहाचा उन्हाळा होता. जावयाच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्याच सुमाराला नागपूरहून आल्या. दोन विहिणी एका घरात, एका खोलीत, शेजारशेजारच्या पलंगांवर. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. साधं “मीठ द्या” म्हणाल्या तरी वर्गात सूचना वाचून दाखवल्यासारखं वाटतं. त्यांनी मला कांदा चिरायला शिकवला. मी त्यांना पीठ चाळायला शिकवलं. भांडण झालं नाही, कारण दोघींनाही पोरांच्या घरात दिवस काढायचे होते. पण एक मात्र होतं. आपलं काही दुखतंखुपतं ते विहिणीपुढे दाखवायचं नाही. माझे गुडघे मी दाराआड चोळायचे. त्यांचं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. चहा त्या बिनसाखरेचा घ्यायच्या. मला वाटायचं, वजनाचे नखरे.

माझं मनगटी घड्याळ मी वाईच्या वेळेवरच ठेवलं होतं. स्मिता हसायची.

“आई, इथं आत्ता दुपार आहे गं.”

“माहीत आहे. खिडकीतून दिसते. वाईत काय चाललंय ते खिडकीतून दिसत नाही.”

जावई पराग कामात बुडालेला. शेवटी स्मितानंच सुट्टी काढली आणि आम्हा दोघींना बॉइन नदीकाठचे किल्ले दाखवायला निघाली. एक मुक्काम करायचा होता. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, म्हणून मी पिशवीत साबुदाणा, दाण्याचं कूट, जिरं, तूप आणि छोटी कढई भरली. उपास विहीणबाईंचा. मी उपास करत नाही. गिरणीच्या पट्ट्याशी दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला उपाशीपोटी चक्कर येऊन चालत नाही, तेव्हा सुटलेली सवय परत लागली नाही.

“कढई कशाला?” स्मितानं विचारलं.

“मुक्कामाच्या घरी तव्यावर सकाळी काय भाजतात ते तूच सांगितलंस ना?”

विहीणबाई म्हणाल्या, “हे मात्र बरोबर केलं.” महिन्याभरात त्यांनी मला दिलेले हे पहिले मार्क.

कालव्याची वाट

पहिल्या दिवशी नॅव्हन गावापासून नदीकाठानं चाललो. तिथे नदीला लागून जुना कालवा आहे. पूर्वी त्यातून मालाच्या होड्या जायच्या आणि बांधावरून घोडे त्या ओढायचे. आता कालव्यात गवत माजलंय. बांधावरून माणसं फिरतात, तीही उगाच. मला हे नवीन. आपल्याकडे माणूस कुठेतरी पोचायला चालतो. तिथे चालतात आणि परत येतात.

नदी आमच्या कृष्णेपेक्षा अरुंद, पण उन्हाळ्यातही काठोकाठ भरलेली. घाट नाहीत, पायऱ्या नाहीत, धुणं नाही, घंटा नाही. हंस होते. एक हंस आमच्याकडे बघून फिस्कारला. विहीणबाई म्हणाल्या, “सरस्वतीचं वाहन असं वागत नाही.” मग त्यांनी पदर सावरला आणि वाटेच्या आतल्या बाजूनं चालायला लागल्या.

पलीकडच्या उंच काठावर डनमो नावाच्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. दोन बुरूज आणि मधली भिंत, बाकी आकाश. आमच्या पांडवगडावर जायचं तर अर्धा दिवस छाती फुटेपर्यंत चढावं लागतं, आणि वर गेल्यावर दिसतात टाकी आणि पडके चौथरे. इथे अर्धा किल्ला काठावरून फुकट दिसला. मला बरं वाटलं. गुडघ्यांनाही.

वाटेच्या कडेला दातेरी पानांचा पाला खूप होता, तुळशीच्या थोरल्या बहिणीसारखा. भाजी होते का बघावं म्हणून मी एक डहाळी खुडली. बोटांपासून मनगटापर्यंत आग झाली. खाजकुइलीचाच कुणीतरी भाऊबंद. मी हात झटकत नाचायला लागले. विहीणबाई बघत उभ्या.

“दिसेल त्याला हात काहून लावता तुम्ही? पहिलीतली पोरं बरी.”

समोरून येणाऱ्या एका बाईनं काही न विचारता रुंद पानाचं झुडूप शोधलं, पान चुरगाळून माझ्या हातावर घासलं, आणि हसून निघून गेली. आग कमी झाली. आपण शेण लावतो, ते लोक पान लावतात. पण विहीणबाईंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: ही बाई परक्या देशातला कसलाही पाला तोडते. त्याचं पुढे काय होणार हे तेव्हा कुणाला माहीत?

ट्रिम

संध्याकाळी ट्रिम गावात नोराकडे उतरलो. तिथे लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळचं खाणं त्यातच. नोरा माझ्याच वयाची, विधवा, हात स्वयंपाकाचे. जेवायला तिनं आम्हा शाकाहारी बायकांना उकडलेला बटाटा, भाजलेला बटाटा आणि कुस्करलेला बटाटा एकाच ताटात वाढला. वर विचारलं, अजून बटाटा हवा का. मला ती आवडली.

जेवताना स्मितानं विषय काढला. “माई, मी बघून ठेवलंय. उद्या इथे चंद्र जवळजवळ मध्यरात्री उगवतो.” सासूला ती माई म्हणते.

“मग मध्यरात्री सोडीन.”

मला राहवलं नाही. “विहीणबाई, तुम्ही नागपूरच्या. नागपूरच्या वेळेला सोडा. पावसाळ्यात तिथे तरी चंद्र कुठे दिसतो? कॅलेंडरात वेळ बघूनच ताटं वाढता ना?”

“माणूस जिथे उभा असतो तिथला चंद्र धरायचा. उपास न करणाऱ्यांना ते नाही समजत.”

“उपाशी माणसाला समजतं का?”

“आई,” स्मिता म्हणाली. मी बटाटा खाल्ला.

सकाळी नोरानं मला तिच्या चुलीशी जागा दिली. मी माझ्या कढईत खिचडी परतली. साबुदाणा मोकळा झाला होता, दाणे मोत्यासारखे. नोरा शेजारी उभी राहून वास घेत होती. तिनं चमच्यानं चाखली आणि डोळे मोठे केले. मग खिडकीतल्या कुंडीतून कुरळ्या पानांची जुडी खुडली आणि खुणेनं विचारलं, घालू? नुसती पांढरी खिचडी उघडी दिसते. मी म्हटलं, घाल. कोथिंबिरीसारखीच होती, वास जरा वेगळा. मी बारीक चिरून पेरली आणि डबा भरला. विहीणबाई तेव्हा खोलीत जप करत होत्या. खाली येऊन त्यांनी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा घेतला आणि ओंजळीत लपवून काहीतरी तोंडात टाकलं. मला वाटलं, लवंग.

ट्रिमचा किल्ला प्रचंड आहे. तो डोंगरावर नाही. सरळ गवतावर उभा आहे, बाजूनं नदी. आपल्या गडांना डोंगर राखतो. यांना भिंतीची जाडी राखत असावी. आतल्या मोठ्या मनोऱ्यात वाटाड्याबरोबरच सोडतात आणि आमची पाळी दुपारची होती. म्हणून सकाळ गावात काढली. चहाच्या दुकानात साखर कागदाच्या छोट्या पुड्यांतून ठेवतात. मूठभर मी पिशवीत टाकल्या. स्मिता लाल झाली.

“आई! लोक बघतायत.”

“बघू देत. चहाबरोबरच दिल्यात ना?”

दुपारी किल्ल्याच्या आवारात गवतावर बसून मी डबा उघडला आणि विहीणबाईंच्या पुढे केला. त्यांनी आत पाहिलं. घास उचलला नाही.

“ही कोथिंबीर?”

“हो.”

“आमच्यात उपासाला कोथिंबीर चालत नाही.”

“आमच्यात चालते.”

“तुमच्यात चालत असेल. तुमच्यात उपासच नसतो.”

मी शांतपणे सांगितलं, “ही कोथिंबीरही नाही. नोराच्या कुंडीतला दुसरा पाला आहे. तेव्हा तुमचा नियम त्याला लागत नाही.”

“मग तर मुळीच नको. काल ज्या हातानं तो खाजरा पाला तोडला, त्याच हातानं हा. नाही जी, मला नको.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, अगदी नीट, चारही कड्या दाबून.

स्मिता म्हणाली, “माई, केळं आणते.”

“काही आणू नको. एक दिवस नाही खाल्लं तर काही बिघडत नाही. शाळेत असताना पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हते मी.”

मी म्हणाले, “नका खाऊ.” आणि स्मिताला सँडविच खायला लावलं. मला राग आला होता. चांगली खिचडी झाली होती.

मनोऱ्यात दगडी जिना गोल गोल वर जातो, पायऱ्या अरुंद, कठड्याऐवजी दोर. विहीणबाई खाली थांबायला तयार नव्हत्या, कारण मी चढणार होते. वाटाड्या मुलगी सांगत होती आणि स्मिता आम्हाला मराठीत सांगत होती. भिंतीत शौचकूप होते आणि सरदार लोक आपले उंची कपडे तिथेच वर टांगायचे. त्या उग्र वासानं उवा मरतात.

“आणि या लोकांनी आपल्यावर राज्य केलं!” विहीणबाई कडाडल्या.

“इंग्रजांनी, माई. यांच्यावरही त्यांनीच केलं.”

“मग कपडे कोणाचे होते?” त्या एवढ्या जोरात बोलल्या की पुढची मंडळी वळून बघायला लागली. वर पोचल्यावर त्यांनी वाटाड्या मुलीला सरळ उभं राहायला सांगितलं, मराठीत. दोरावरचा त्यांचा हात थरथरत होता. मी विचारलं. “वारा आहे,” म्हणाल्या. वारा होता. मला पटलं.

बाक

किल्ल्यापासून नदीकाठानं कुरणातून एक वाट न्यूटाउन नावाच्या जागी जाते. तिथे पडकी चर्च आहेत आणि एका थडग्यावर नवराबायकोचे दगडी पुतळे आहेत, मध्ये तलवार. दोघांचं पटत नव्हतं म्हणे. नोरानं सांगितलं होतं की त्या दोघांच्या मध्ये साठलेलं पावसाचं पाणी चामखिळीला लावलं की ती जाते. माझ्या मानेवर एक आहे. मला ते थडगं बघायचं होतं. स्मितानं विहीणबाईंना विचारलं, दमलात का, परत जाऊ या का. त्या म्हणाल्या, “त्या जाताहेत ना? मग मीही येते.”

अर्ध्या वाटेत त्या बाकावर बसल्या आणि उठेनात. चेहरा पिवळट. “पाय भरले,” एवढंच म्हणाल्या. स्मिता म्हणाली, तुम्ही इथेच बसा, मी पळत जाऊन गाडी कुरणाच्या फाटकाशी आणते. ती गेली. मग तो टोपीवाला आला, मी ग्रँड म्हणाले, आणि मग विहीणबाई कलंडल्या.

त्यांना बाकावर आडवं करून मी त्यांची पर्स उघडली. वाटलं, अमृतांजन तरी असेल. रुमाल, जपमाळ, आणि रुमालाच्या घडीत गोळ्यांची चपटी पट्टी. बऱ्याच गोळ्या काढून झालेल्या. सकाळची लवंग म्हणजे ही. गोळ्या कशाच्या ते मला वाचता येईना. पण विहिणीपासून रुमालाच्या घडीत लपवायची गोळी डोकेदुखीची नसते.

मी उभी राहिले आणि त्या माणसाच्या पाठीवर ओरडले. गिरणीच्या आवाजावर ओरडायची सवय आहे मला. “अहो! ओ टोपीवाले! नो ग्रँड! नो ग्रँड!”

आधी कुत्रं वळलं. मग तो. मग तो पळायला लागला, म्हातारा होता तरी.

मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं खिशातून फोन काढला, भरभर बोलला, पट्टीवरचं एक एक अक्षर वाचून दाखवलं, ऐकलं. मग माझ्याकडे वळून काही म्हणाला. मला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मोठ्यानं सांगितल्यावरही इंग्रजी इंग्रजीच राहतं. मग त्यानं एका हाताची वाटी केली, दुसऱ्या हातानं त्यात चमचा ढवळल्यासारखं केलं, आणि विहीणबाईंच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

साखर. चहातली साखर.

माझ्या पिशवीत मूठभर होती. मी पुड्या दातांनी फाडल्या, बाटलीच्या झाकणात पाण्यात कालवल्या. त्या माणसानं विहीणबाईंना मागून टेकवून बसतं केलं. मी झाकण ओठांना लावलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“घ्या, विहीणबाई. साखर आहे.”

त्यांनी मान फिरवली. डोळे मिटलेलेच, जीभ जड. “उपास.”

“साखर चालते उपासाला. तुमच्यातही चालते!”

“चंद्र... नाही.”

मी त्यांच्या ओठांवर बोट दाबलं तर दात मिटलेले. आपल्या शाळेत घंटेआधी कुणाला डबा उघडू न देणारी बाई ती. तो माणूस माझ्या कानाशी काहीतरी ओरडत होता. कुत्रं भुंकत होतं. झाकणातलं साखरपाणी माझ्या हातावर सांडत होतं. मी विचार केला, ही बाई माझ्या मांडीवर मरणार, आणि मी वाईला जाऊन सांगणार, नियमानं मेली.

मग मला मनगट दिसलं.

मी घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या पापण्या उघडल्या. “हे बघा. साडेनऊ वाजले. नागपुरात साडेनऊ वाजले, बाई! तिथे चंद्र वर आला. तुमच्या घरी नैवेद्य दाखवून झाला, ताटं वाढली. उपास सुटला. तोंड उघडा!”

त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

“नागपुरात?” त्या म्हणाल्या.

“नागपुरात.”

त्यांनी तोंड उघडलं. मी साखरपाणी थेंब थेंब सोडलं. गिळलं. आणखी सोडलं. आणखी पुड्या फाडल्या. अर्धी साखर त्यांच्या पदरात गेली, अर्धी पोटात. हळूहळू त्यांनी मान स्वतःची स्वतः धरली आणि त्या टोपीवाल्याकडे बघून विचारलं, “हे कोण?”

“तुमचे विद्यार्थी नाहीत. गप घ्या.”

स्मिता फाटकातून पळत आली आणि तिच्या मागून रुग्णवाहिकेची माणसं. त्यांनी बोट टोचून रक्त पाहिलं, हाताला सुई लावली. गाडीत बरोबर एकच माणूस चालतो म्हणाले. इंग्रजी येणारी स्मिता गेली. दारं लावताना मी पाहिलं, विहीणबाईंचं डोकं परत एका बाजूला पडलं होतं. गाडी आवाज करत गेली.

नोराचं स्वयंपाकघर

टोपीवाल्यानं मला नोराकडे पोचवलं. पत्ता स्मितानं त्याला सांगितला होता. दारात त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. कुत्र्याचं माहीत आहे, त्याला तो सारखा हाक मारत होता: बिस्किट.

नोरानं मला टेबलाशी बसवलं आणि चहा केला. माझी कढई तिनं घासून पालथी घातली होती. खिचडीचा डबा माझ्या पिशवीत तसाच, चार कड्या लावलेला. बाहेर ऊन होतं. त्या देशात उन्हाळ्यात संध्याकाळ संपता संपत नाही, आणि असं वाट बघत बसायचं असलं की फारच वाईट. माझ्या घड्याळात वाईला रात्र होऊन माणसं झोपली होती. माझ्याकडून कुणाला काही कळवायचं नव्हतं, अजून.

मी विचार करत होते तो हा: बाई गेली तर जावई काय म्हणेल? खिचडी तुम्ही केली होती ना? माझी मुलगी त्या घरात पुढे कशी नांदेल? मुलगी सासरी असली की आईला विहिणीच्या मरणाचीसुद्धा स्वतंत्र भीती असते. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. आणि मग त्याच्याखाली दुसरंही होतं. शेजारच्या पलंगावर रात्री जपमाळेचा बारीक आवाज येतो, त्याची मला सवय झाली होती.

नोरानं भिंतीवरच्या येशूपुढे मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. लाव बाई. माझ्या गणपतीचा आज दिवस होता, पण तो लांब होता.

फोन वाजला. नोरानं उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “शी इज ग्रँड.”

मी त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. दुपारी मीही तेच म्हणाले होते. मी तिच्या हातातून फोन घेतला.

“स्मिता. मराठीत सांग.”

ती रडत होती. “आई, गाडीत परत शुद्ध गेली होती. उपाशीपोटी घेतलेल्या त्या गोळीनं साखर उतरली, तिचा जोर अजून आहे म्हणाले, म्हणून रात्रभर सलाईन. पण बोलतायत. पराग निघालाय डब्लिनहून. आई, माईंना शुगर आहे. परागला माहीत होतं. त्यानं मला सांगितलं नव्हतं, माईंनीच बजावलं होतं म्हणून. आणि आज संकष्टी आहे हे त्याला माहीत नव्हतं.”

“मुलाला गोळी माहीत, सुनेला उपास माहीत,” मी म्हणाले. “एका घरात राहता ना रे तुम्ही?”

“तुला पण माहीत नव्हतंच की.”

“मी विहीण आहे. माझ्यापासून लपवण्यासाठीच तर हे सगळं.”

दुसऱ्या दिवशी मला इस्पितळात नेलं. विहीणबाई उशांना टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, हाताला नळी. पराग शेजारी खुर्चीत, रात्रभर न झोपलेला. मी आत आल्यावर तो उठला आणि माझ्या पाया पडला. मी म्हटलं, चहा पिऊन ये. तो आणि स्मिता गेले.

मी परागच्या खुर्चीत बसले. खिडकीबाहेर मोटारी उभ्या होत्या, बाकी काही नाही.

मग विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही माझा उपास मोडला.”

“मोडला नाही. सुटला. वेळेवर.”

“नैवेद्य कुठे दाखवला?”

“नागपूरला दाखवला असेल तुमच्या जावेनं. तेवढा चालतो.”

त्यांनी त्यावर विचार केला. मुख्याध्यापिका उत्तरपत्रिकेवर करतात तसा. “चालतो,” म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, “शुगरचं तिकडे वाईला कोणाला सांगू नका.”

“माझे गुडघे गेलेत,” मी म्हणाले. “तेही नागपूरला सांगू नका.”

“ते तर मला पहिल्या दिवसापासून दिसतात. दाराआड चोळता तुम्ही, तेलाचा वास खोलीभर येतो.” त्यांनी पांघरूण सारखं केलं. “त्या कुरळ्या पानांची चव कशी होती?”

“तुम्हाला काय करायचंय? तुमच्यात चालत नाही.”

हे लिहिण्याआधी मी नागपूरला फोन करून विचारलं, शुगरचं छापू का. म्हणाल्या, “छापा. आता सगळ्यांना माहीत झालं.” संकष्टी त्या अजून करतात. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे दिवसा थोडं खातात, आणि त्यात कोथिंबीर नसते. न्यूटाउनचं ते थडगं मी पाहिलं नाही. चामखीळ आहे तिथेच आहे.

त्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. दोघी जिवंत आहोत.